पुंगोलची थंडी

उल्काच्या सासरी थंडीचा मान एकाच व्यक्तीकडे होता, आणि ती व्यक्ती उल्का नव्हती. तो मान तिच्या नणंदेचा. मीनलताई स्कॉटलंडात, ॲबर्डीनला राहत. त्यांची थंडी अधिकृत होती. तिचे फोटो येत. दाराशी बर्फ, गाडीवर बर्फ, बर्फात उभे मीनलताईंचे यजमान आणि त्यांच्या नाकाच्या जागी एक लाल ठिपका. सासूबाई दिवाळी झाली की पुण्याहून पार्सल करत. त्यात हातमोजे, पायमोजे, दोन स्वेटर आणि डिंकाचे लाडू. मग तासभर त्या थंडीची विचारपूस होई, आणि उरलेल्या पाच मिनिटांत सिंगापूरला फोन येई.

"तुझं बरं आहे बाई," सासूबाई म्हणत. "तुमच्याकडे थंडीच नाही."

सिंगापूर विषुववृत्ताला इतकं खेटून आहे, की नकाशावर बोट ठेवलं तर दोन्ही एकदम झाकली जातात. त्यामुळे थंडीबद्दल तक्रार करण्याचा कायदेशीर हक्क उल्काला नव्हता. पण सिंगापुरात थंडी बाहेर नसतेच, ती आत असते. बसमध्ये असते, वाचनालयात असते, मॉलमधल्या तांदळाच्या पोत्यांशेजारी असते. माणूस घरून निघतो तो घामाने निथळत आणि दिवसभर त्याच घामावर गारठत बसतो. ॲबर्डीनच्या माणसाला निदान एकाच ऋतूत राहायला मिळतं. उल्काला दिवसातून आठ वेळा ऋतू बदलावा लागे, आणि दर वेळी दार काचेचं आणि आपोआप उघडणारं.

एकदा तिने हे फोनवर सांगून पाहिलं होतं. "मला इथे फार थंडी वाजते हो," एवढंच म्हणाली. मग सासूबाईंनी फोनचा स्पीकर लावला आणि म्हणाल्या, "निशिकांतभाऊजी, इकडे या. उल्का, परत सांग गं जरा." पुण्यातलं ते अख्खं घर पोट धरून हसलं. त्यानंतर उल्काने थंडीचं नाव काढलं नाही. वाजली तर वाजू द्यायची, पण गपचूप.

हे असंच निभावलं असतं. पण त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या मे महिन्याच्या अखेरीस, उल्काला चार वर्षांनी नोकरी लागली आणि साडेतीन वर्षांची गार्गी चाइल्डकेअरमध्ये जाऊ लागली.

चाइल्डकेअर त्यांच्या पुंगोल वस्तीतच होतं, घरापासून तीन ब्लॉक पलीकडे. एप्रिलमधल्या एका भर दुपारी उल्का आणि तिचा नवरा प्रताप ते बघायला गेले. प्रतापचा शर्ट पाठीला चिकटला होता. आत पाऊल टाकताच गार झुळूक आली आणि प्रताप म्हणाला, "फुल एसी आहे गं." पुण्यातल्या मध्यमवर्गीय माणसाच्या तोंडी हे शब्द कसे येतात ते ऐकण्यासारखं असतं. देवळात आल्यावर आवाज उतरतो तसा त्याचा आवाज उतरला होता. दारावर एक मोठा पेंग्विन रंगवला होता आणि त्याच्या गळ्यात लोकरीचा मफलर होता. पेंग्विनलासुद्धा जिथे मफलर लागतो तिथे आपलं मूल ठेवू नये, एवढं खरं तर कळायला हवं होतं. पण दोघांनी फॉर्म भरले, सह्या केल्या आणि लिंबाचं सरबत पिऊन बाहेर आले.

नोकरी क्वीन्सटाउनला, अलेक्झांड्रा रोडवरच्या एका ऑफिसात होती. बोटीने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासायची. कंटेनरचा एक आकडा चुकला तर माल भलत्याच बंदरात उतरतो, म्हणून प्रत्येक ओळ वाचायची, सही कोणाची ते बघायचं, तारीख बघायची. उल्काला हे काम मनापासून आवडलं. चार वर्षं भाजी चिरून, बाटल्या उकळून, झोपाळ्याला झोके देऊन झाल्यावर एखादा कागद फक्त आपल्यासाठी थांबला आहे हे सुख काय असतं, ते नोकरी न सोडलेल्यांना कळायचं नाही. तीन महिने प्रोबेशन होतं. एकतीस ऑगस्टला साहेबीण, मिसेस चिया, ठरवणार होत्या की हिला ठेवायचं की नाही.

आणि गार्गीला पहिल्याच आठवड्यात सर्दी झाली.

चाइल्डकेअरचा नियम साधा होता. सकाळी दाराशी मुलाच्या कानात थर्मामीटर घालायचा. साडेसदतीसच्या वर आकडा गेला की मूल परत. दुपारी चढला की आईला फोन. आत मात्र दुपारच्या झोपेच्या खोलीत वीस अंश. म्हणजे गार मूल चालतं, गरम मूल चालत नाही. मूल गारठून गरम झालं तर ते कोणामुळे झालं, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

जूनमध्ये उल्का दोनदा अर्ध्या दिवसातून घरी आली. जुलैत तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मिसेस चियांनी चष्मा कपाळावर चढवला. वाईट बाई नव्हती. तिने स्वतः दोन मुलं वाढवली होती, पण ती तिच्या सासूने वाढवली होती. "उल्का," ती शांतपणे म्हणाली, "तुझं काम चांगलं आहे. पण ऑगस्टमध्ये आणखी एकदा गेलीस, तर वर काय लिहू मी? सांग ना."

घरी आल्यावर उल्काने हे प्रतापला सांगितलं. प्रताप बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात सर्व्हरच्या खोलीशेजारी बसत असे. तो म्हणाला, "आमच्याकडे सोळा असतं. सवय होते."

"सर्व्हरला होते," उल्का म्हणाली. "तिला नाकाने श्वास घ्यावा लागतो."

"मी सुट्टी घेतली असती गं, पण या महिन्यात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

प्रतापचं रिलीज प्रत्येक महिन्यात असे. बाळंतपणाला इतकं नियमित कोणी गेलेलं नाही.

शेवटी उल्का निशिगंधावहिनींकडे गेली. निशिगंधावहिनी समोरच्या ब्लॉकमध्ये राहत. चौदा वर्षं सिंगापुरात, नवरा बँकेत, सिंगापूरचा लाल पासपोर्ट. त्यांना न विचारता पुंगोलमधल्या मराठी घरात गणपतीसुद्धा बसत नसे. त्यांनी गार्गीचा गळा बघितला, कपाळ बघितलं आणि उल्काकडे असं बघितलं की जणू गारठा उल्कानेच तयार केला होता.

"वेखंड लावतेस का टाळूला?"

"ती साडेतीन वर्षांची आहे, वहिनी."

"मग काय झालं, टाळू गेली का कुठे? आणि ओव्याची पुरचुंडी दे छातीशी. आणि कानटोपी. कान झाकले की अर्धं काम झालं. माझ्या चारूला मी सहावीपर्यंत घालत होते."

त्यांचा चारुदत्त आता लष्करी सेवेत होता आणि घरी फारसा येत नसे. त्यामागचं कारण उल्काला तेव्हा प्रथमच कळलं.

दुसऱ्या दिवशी गार्गी टाळूला वेखंड, फ्रॉकच्या आत ओव्याची पुरचुंडी आणि डोक्याला लाल कानटोपी अशा थाटात निघाली. बाहेर बत्तीस अंश होते. लिफ्टमध्ये दहाव्या मजल्यावरच्या चिनी आँटी भेटल्या. त्यांनी टोपीकडे बघितलं आणि कोपऱ्यात सरकल्या. "शी सिक, आह?" म्हणाल्या. "नो नो," उल्का म्हणाली, "इट्स फॉर कोल्ड." आँटींनी कपाळावरचा घाम पुसला.

अकरा वाजता फोन. ताप नव्हता. प्रिन्सिपल मिस ऑन्ग यांना मुलीच्या कपड्यांत अज्ञात बिया आणि डोक्यावर अज्ञात पांढरी पूड सापडली होती. बिया त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करून तारीख घातली होती. संध्याकाळी उल्काने त्यावर लेखी खुलासा दिला. ओवा म्हणजे काय हे इंग्रजीत लिहिताना तिच्या लक्षात आलं, की आपण ओव्याचा वास आयुष्यभर घेत आलो, पण त्याने सर्दी जाते याचा कागदोपत्री पुरावा आपल्याकडे एकही नाही.

मग स्वेटर. सिंगापुरात लहान मुलाचा खरा लोकरी स्वेटर मिळतो तो परदेशी सहलीला जाणाऱ्यांच्या दुकानात. तिथला विक्रेता फार आदबशीर होता. त्याने खालपासून वरपर्यंत बर्फाच्या कपड्यांचे कप्पे दाखवले आणि विचारलं, "कुठला देश, मॅडम? जपान? कोरिया?"

"पुंगोल," उल्का म्हणाली.

त्याने आदब सोडली नाही. तेवढ्या तपमानासाठी मधला कप्पा चालेल, म्हणाला. स्वेटर घेतला, पण गार्गीने तो झोपेत काढून टाकला, कारण टोचत होता. शिवाय ताप बघताना अंगात स्वेटर असला की आकडा वर जातो, म्हणून दाराशी तो काढून ठेवावा, अशी सूचना आली.

आई वाईला असे. उल्काची आई, म्हणजे जिने फोनचा स्पीकर कधी लावला नाही ती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझी गोधडी आहे ना अजून. ती पाठवते."

उल्का पोटात असताना आईने शिवलेली ती गोधडी. आत आजीची दोन लुगडी आणि बाबांचं एक धोतर, वरून आईच्या साड्या. दर काही वर्षांनी वरचं कापड विरलं की आई नवी साडी घाली. या वेळी तिने मोतिया रंगाची घातली, जी ती उल्काच्या लग्नात नेसली होती. "चांगली होती गं," उल्का म्हणाली. "मऊ झाली होती," आई म्हणाली. "आता कुठे नेसायची."

गोधडी प्रतापच्या ऑफिसातला प्रबोध घेऊन आला. तो पुण्याहून परतत होता. गोधडीमुळे आपलं दोन किलो भडंग मागे राहिलं, हे त्याने विमानतळावर सांगितलं, मग घरी आल्यावर सांगितलं, आणि नंतर कुठेही भेटला की सांगत असे.

मिस ऑन्ग यांनी गोधडी दोन बोटांनी उचलली. बाहेरून आणलेल्या पांघरुणासाठी वेगळा फॉर्म होता. उल्काने तो भरला. कापड कुठलं? साड्या, चार. आत काय भरलं आहे? साड्या, दोन, धोतर, एक. निर्मितीचं वर्ष? उल्काने खरं ते लिहिलं, एकोणीसशे शहात्तर. मिस ऑन्ग यांनी ते तीनदा वाचलं.

"एक्स्पायरी?"

"नाही," उल्का म्हणाली. "माझी आई दुरुस्त करते."

दर शुक्रवारी घरी न्यायची आणि सोमवारी धुऊन आणायची, या अटीवर तात्पुरती परवानगी मिळाली. गोधडी धुणं म्हणजे काय असतं ते वाईच्या नदीवर माहीत असतं. अकराव्या मजल्यावर नसतं. मशिनने ती तोंडात घेतली आणि तिथेच घुटमळली. मग न्हाणीघरात पायाने तुडवून झाली. सुकवायला स्वयंपाकघराबाहेर बांबू अडकवायची सोय, आणि ओल्या गोधडीचं वजन गार्गीएवढं. बांबू वाकला. उल्काच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातलं चित्र आलं, खाली पडलेली गोधडी आणि तिच्याखालून बाहेर आलेले कोणाचे तरी बूट. मग ती स्टुलावर बसली आणि बांबूचं टोक दोन्ही हातांनी धरून राहिली. शनिवारची अख्खी दुपार ती अशी, गळ टाकून माशाची वाट बघत बसल्यासारखी. प्रताप दोनदा पाणी प्यायला आला. "बांधून ठेव ना," असं सुचवून गेला.

तासाभराने बेल वाजली. दहाव्या मजल्यावरच्या आँटी. "तुझा गालिचा," त्या म्हणाल्या, "माझ्या कपड्यांवर पाऊस पाडतोय." उल्काने बांबू न सोडता माफी मागितली. आँटी आत आल्या, तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग खाली जाऊन जाड दोरी घेऊन आल्या आणि बांबू पद्धतशीर आवळून दिला. "बेबी स्टिल कोल्ड?" त्यांनी विचारलं. सिंगापुरात, पुण्यात आणि ॲबर्डीनमध्ये मिळून हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस होतं. उल्काला तेवढ्याने रडू आलं, आणि आँटींना वाटलं की कपड्यांबद्दल आपण फारच बोललो.

पण गोधडी लागू पडली. सोमवार, मंगळवार, बुधवार. नाक कोरडं, ताप नाही, फोन नाही. गुरुवारी उल्काला कामावरून जरा लवकर सोडलं म्हणून ती झोपेच्या खोलीच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. बाकीच्या गाद्यांवर पेंग्विनची पातळ पांघरुणं होती आणि त्यांच्याखाली मुलं नव्हती. पाच मुलं गोधडीखाली होती. मध्ये गार्गी, यजमानीण असल्यासारखी. आणि काठाशी भिंतीला टेकून चीनहून आलेली तरुण शिक्षिका, मिस फंग, जाकीट घालून बसली होती. तिनेही पाय गोधडीत घातले होते. उल्काला बघून ती दचकली, पण पाय काढले नाहीत.

"माझ्या आजीकडे अशीच होती," ती तोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाली. "व्हेरी वॉर्म."

पाच मुलं एका पांघरुणात हे शुक्रवारी मिस ऑन्ग यांनी पाहिलं. हात, पाय, तोंडाला फोड येणाऱ्या त्या आजाराची साथ चालू होती. एक मूल, एक पांघरूण. गार्गीसाठी गोधडी अजून चालेल, पण इतर मुलं शिरणार नाहीत याची हमी कोण देणार? एक आठवडा बघू, नाहीतर परत न्यावी लागेल.

आता उल्काचा संयम संपला. ऑगस्टचा तिसरा आठवडा होता. तिने ऑफिसात मालाच्या कागदांवर लढतात तशी तयारी केली. आजाराच्या तारखा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं लावून ती मिस ऑन्ग यांच्यापुढे बसली आणि म्हणाली, "मला गोधडी नको, स्वेटर नको. मला फक्त दोन अंश हवेत. वीसचं बावीस करा."

मिस ऑन्ग विचारात पडल्या. "पूर्वी बावीसच होतं," त्या म्हणाल्या. "पालकांच्या सूचनेवरून आम्ही कमी केलं. पालकांच्या सूचना आम्ही फार गंभीरपणे घेतो."

"कोणाच्या सूचनेवरून?" उल्काने विचारलं. तिच्या मनात त्या अज्ञात बाईबद्दल जे जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. असेल कोणीतरी महागड्या कॉन्डोत राहणारी, घरी मोलकरीण, मुलाला मोटारीतून सोडणारी. तिला काय कळणार.

मिस ऑन्ग यांनी फाइल उघडून तिच्याकडे वळवली. उल्काने ओळ वाचली, सही बघितली, तारीख बघितली. तारीख एप्रिलची होती. मजकूर इंग्रजीत होता, पण थाट सगळा मराठी अर्जाचा. 'वातानुकूलन अधिक परिणामकारक केल्यास आम्ही अत्यंत आभारी राहू.' अक्षर वळणदार होतं. सहीखाली दोन टिंबं होती, जी ती शाळेपासून देत आली होती.

तिला ती दुपार आठवली. सूचनांचा रकाना. "सोड तो," असं ती म्हणाली होती आणि प्रताप म्हणाला होता, "रिकामा सोडू नकोस, आपल्याला इंटरेस्ट नाही असं वाटतं. काहीतरी लिही." आणि कुठलाही फॉर्म रिकामा सोडायचा नाही या संस्कारात वाढलेल्या मुलीने, दाराजवळ बसल्यामुळे झुळूक पुरेशी लागत नव्हती म्हणून, लिहिलं होतं.

नियमाप्रमाणे पालकांचं मत घेतलं गेलं. घरोघर कागद गेले. वीस अंशांच्या बाजूने एकतीस, बावीसच्या बाजूने एक. तो एक कोणाचा हे मिस ऑन्ग यांनी गुप्त ठेवलं. एकतीसांमध्ये प्रतापही असावा असा उल्काला कायमचा संशय आहे, कारण गार्गीच्या बॅगेत दोन कागद आले होते आणि तिने एकच भरला होता. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, ते खूष राहतील."

एकतीस ऑगस्ट. सकाळी थर्मामीटर सदतीस दोन. उल्काने गार्गीच्या कपाळाचा मुका घेतला तो मुका कमी आणि तपासणी जास्त होती. अकरा वाजता मिसेस चियांच्या खोलीत ती खुर्चीच्या काठावर बसली. मिसेस चियांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, आणि टेबलावरचा उल्काचा फोन थरथरू लागला. चाइल्डकेअरचा नंबर.

दोघींनी तो बघितला. मिसेस चियांनी टोपण परत लावलं.

"घे," त्या म्हणाल्या.

"गार्गीज मम्मी?" मिस ऑन्ग यांचा आवाज. "आज घेऊन जा, प्लीज."

उल्काने विचारलं, "किती आहे ताप?"

"ताप नाही. ब्लँकेट. तुमचं ब्लँकेट घेऊन जा. गार्गीला नको आहे."

"नको म्हणजे?"

"ती म्हणते गरम होतं. तीन दिवस झाले, पायाने ढकलते. आता तिला सवय झाली. व्हेरी गुड गर्ल."

उल्काने फोन ठेवला. "मुलगी बरी आहे," ती म्हणाली. मिसेस चियांनी पुन्हा टोपण काढलं, सही केली आणि अभिनंदनासाठी हात पुढे केला. तो हात बर्फासारखा होता. उल्काचाही.

संध्याकाळी मिस फंगने गोधडी घडी करून दिली. घडी फार नीट होती, आणि तिने ती देताना जरा जास्त वेळ धरून ठेवली. पिशवीवर चिठ्ठी होती, 'मालक: गार्गीची आई.'

आता रविवारची दुपार. घरच्या पंख्याखाली गार्गी घामाघूम होऊन कूस बदलत होती. "आई, सो हॉट लाह," ती म्हणाली. "ऑन द एअरकॉन." पूर्ण मराठीत सांग, असं म्हणायचं उल्काच्या जिभेवर आलं होतं. पण एअरकॉन कुठल्याही भाषेत मागितला तरी तिला तो हवा होताच. उल्काने तो लावला. वीसवर. गार्गी हातपाय पसरून, पोट उघडं टाकून, पाच मिनिटांत झोपली.

उल्का शेजारी आडवी झाली आणि मोतिया साडीची गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. तिला अजून आईच्या कपाटाचा वास होता. एक टोक तिने गार्गीच्या पायांवर टाकलं. गार्गीने झोपेतच ते लाथेने उडवलं.

फोन वाजला. सासूबाई. मीनलताईंकडे सप्टेंबर लागायच्या आतच थंडी पडली होती म्हणे. बिचारीने हीटर लावला. या वेळी दोन नाही, तीन स्वेटर पाठवायचे ठरलं होतं.

"तुझं बरं आहे बाई," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे थंडीच नाही."

"हो ना," उल्का म्हणाली, आणि दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून धरला.